भीड, दान आणि खिडकीची सीट

‘काका, तुम्ही जरा मागच्या सीटवर बसाल का? मुलगी लहान आहे हो.’ विमानाच्या चिंचोळ्या वाटेत उभे राहून विचारलेले हे वाक्य व्याकरणाने प्रश्न आहे खरे, पण ज्याला ते विचारले जाते त्याच्यापाशी उत्तरे किती असतात? विचारणारी आई एका हाताने बॅग वरच्या कप्प्यात ढकलते आहे, दुसऱ्या हाताने तीन वर्षांच्या मुलीचे मनगट धरून आहे. तिच्यामागे वीस-पंचवीस माणसे आपापल्या रांगेपर्यंत पोचायला खोळंबली आहेत. खिडकीशी बसलेल्या गृहस्थांनी ती जागा चार दिवस आधी वेगळे पैसे भरून घेतलेली. बदल्यात मिळणार ती अठ्ठाविसाव्या रांगेतली मधली सीट, दोन्ही बाजूंना दोन अनोळखी कोपरे. विचाराला वेळ दोन-तीन सेकंदांचा. गृहस्थ उठतात. आई मुलीला सांगते, ‘काकांना थँक्यू म्हण.’ मुलगी म्हणत नाही. रांग पुढे सरकते. कोणी म्हणेल, एका माणसाने चांगुलपणा केला. कोणी म्हणेल, एका भल्या माणसाला सरळसरळ गुंडाळले. मला दोन्ही निकाल घाईचे वाटतात, कारण त्या दोन-तीन सेकंदांत जे घडले त्याला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे आणि दोन्ही निकालांना तो सुचलेला नाही. तो शब्द म्हणजे भीड.

भीड म्हणजे भीती नव्हे, आदर नव्हे, प्रेम तर नव्हेच. पण या तिघांचीही थोडी थोडी सरमिसळ तिच्यात असते. भीड पडते, भीड मोडवत नाही, कालांतराने ती चेपतेही. मुख्य म्हणजे ती घालता येते. ‘अमक्याची भीड घातली’ असे आपण म्हणतो तेव्हा समोरच्याला नाही म्हणता येऊ नये अशी तजवीज केली, एवढाच त्याचा अर्थ असतो. अनोळखी माणसाला ‘काका’ म्हणणे ही त्या तजविजीची पहिली पायरी. ‘मिस्टर’ला नकार देता येतो, काकाला देता येत नाही. भीड ही भिकेची बहीण, अशी म्हण आहे. ती सहसा नाही म्हणू न शकणाऱ्या माणसाला सावध करण्यासाठी वापरतात: भिडेला बळी पडत राहिलास तर एक दिवस कटोरा घ्यावा लागेल. तीच म्हण मागणाऱ्याच्या बाजूनेही वाचायला हरकत नाही. माझे म्हणणे या दुसऱ्या वाचनाशी जुळते. भिडेपोटी सोडलेली जागा दान ठरत नाही, आणि तिचे दान होऊ द्यायचे की नाही हे देणाऱ्यापेक्षा मागणाऱ्याच्या हातात जास्त असते.

आधी मुलाची बाजू, कारण ती खरी आहे. तीन वर्षांच्या मुलाला सीटचा पट्टा सोडवता येत नाही, पुढचा ट्रे सांभाळता येत नाही, विमान उतरताना दडे बसून कान दुखतात ते सांगता येत नाही. याहून गंभीर गोष्ट संकटसमयाची. निम्मे दरवाजे बंद आहेत असे धरून ९० सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर पडू शकतात हे सिद्ध केल्याशिवाय मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळत नाही. या हिशेबात प्रत्येक जण जवळच्या दरवाजाकडे धावणार हे गृहीत आहे. सात रांगा मागे बसलेला बाप दरवाजाकडे धावणार नाही. तो लोंढ्याच्या उलट, मुलाकडे धावेल. म्हणून मूल आणि पालक शेजारी असणे ही चैन नाही, त्यात इतरांचीही सुरक्षितता गुंतलेली आहे. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावले की एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्या आणि तशी नोंद ठेवा. अमेरिकेच्या परिवहन खात्याने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असा नियम प्रस्तावित केला. कॅनडात तो २०१९ पासून आहे आणि त्याची घडण पाहण्यासारखी आहे. पाच वर्षांखालचे मूल पालकाच्या अगदी लगतच्या सीटवर हवे. पाच ते अकराचे असेल तर त्याच रांगेत, मध्ये फार तर एक सीट. बारा-तेराचे असेल तर फार तर एका रांगेचे अंतर. नीतिशास्त्राच्या कितीतरी ग्रंथांपेक्षा मला या तीन पायऱ्या शहाण्या वाटतात. ‘मूल’ हा शब्द उच्चारला की सगळ्या मागण्या सारख्या वजनाच्या होत नाहीत, हे त्यांत कोणताही आव न आणता मान्य केलेले आहे. दोन वर्षांच्या मुलाला एकटे बसवणे आणि अकरा वर्षांच्या मुलाला खिडकी हवी असणे यांत गरज आणि हौस एवढे अंतर आहे. भीड मात्र दोन्हीकडे तेवढीच पडते, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

या सगळ्या नियमांत आणखी एक गोष्ट समान आहे. कर्तव्य टाकले आहे ते जागा विकणाऱ्यावर. सी की एफ, बाराव्या रांगेत की अठ्ठाविसाव्या, अशा कोणत्याही जागेवर आधीच बसलेल्या प्रवाशावर एकाही नियमाने ते टाकलेले नाही. मग त्याच्यावर काहीच कर्तव्य नाही का? ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन या अमेरिकन तत्त्ववेत्तीने १९७१ मध्ये गर्भपाताविषयी एक निबंध लिहिला. त्यात जाता जाता तिने दोन भावांचा आणि चॉकलेटच्या डब्याचा दाखला दिला आहे. डबा दोघांना मिळून दिलेला असताना थोरल्याने एकट्याने फस्त केला, तर धाकट्यावर अन्याय झाला. पण डबा थोरल्या एकट्याचाच असेल आणि धाकटा आशाळभूतपणे बघत असताना तो एकटाच खात बसला, तर? त्याला हावरट म्हणा, निष्ठुर म्हणा, अन्यायी म्हणता येणार नाही, असा तिचा निवाडा. कांटनेही परोपकाराला अशा कर्तव्यांत बसवले होते की जी चुकत नाहीत, पण कोणासाठी, केव्हा आणि किती हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. जागा न सोडणारा गृहस्थ अन्याय करत नाही, आणि तरी तो कोता ठरू शकतो. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, हे आपल्याला पचायला जड जाते. त्याचे तिकीट पाहून एक बाजू म्हणते, त्याचा हक्क आहे, विषय संपला. मुलाचा चेहरा पाहून दुसरी म्हणते, सोडायलाच हवी, हक्क कसला! मला यातली दुसरी बाजू अधिक धोक्याची वाटते. कोता माणूस फार तर कोता राहतो; पण दयेला एकदा वसुलीची सवय लागली की दया उरत नाही.

वसुली हा शब्द कडक वाटेल, म्हणून पुरावा देतो. स्टॅन्ली मिलग्रॅम हे नाव आज्ञापालनावरच्या प्रयोगांमुळे कुप्रसिद्ध झाले, पण त्यांचा एक साधासुधा प्रयोग न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला आहे. जॉन सबिनी यांच्यासह त्यांनी तो १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी डब्यात शिरायचे, धडधाकट बसलेल्या प्रवाशापाशी जायचे आणि काहीही कारण न देता विचारायचे, तुमची जागा मला देता का? शंभरात ६८ वेळा जागा मिळाली. उभे राहून पुस्तक वाचता येत नाही, असे फुटकळ कारण जोडले तेव्हा आकडा ४२ वर आला. तिसरी तऱ्हा सर्वांत बोलकी. त्यात दोन विद्यार्थी आधी प्रवाशाच्या कानावर पडेल असे आपसांत बोलायचे, की कोणाकडे जागा मागितली तर चालेल का. मग त्यांतला एक मागायचा. इथे जागा मिळाली सुमारे ३७ वेळा. मिलग्रॅम यांनी लावलेला अर्थ सरळ होता. अवचित विचारले की नकार जुळवायला वेळ लागतो आणि उठणे सोपे पडते. आधी चाहूल लागली की माणूस नकार जुळवून ठेवतो. आता लहान मूल हे काही पुस्तक वाचण्यासारखे फुटकळ कारण नव्हे, हे आक्षेपाआधीच मान्य करतो. पण उठणाऱ्यांतले निम्म्याच्या आसपास लोक केवळ विचाराला वेळ न मिळाल्यामुळे उठत असतील, तर त्या उठण्याला आपण औदार्य म्हणताना जरा थांबावे. विमानातली विनंती जवळजवळ नेहमी या पहिल्या तऱ्हेची असते: अवचित, उभ्याने, रांग खोळंबलेली.

याच प्रयोगातली दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. मिलग्रॅम स्वतः जागा मागायला गेले तेव्हा शब्द त्यांच्या घशातच अडकले. कशीबशी विनंती केली, जागा मिळाली, आणि बसल्यावर त्यांना अनावर वाटू लागले की ही मागणी रास्त होती असे आपल्या वागण्यातून दिसले पाहिजे. त्यांनी मान खाली घातली, चेहरा पांढराफटक पडतो आहे असे त्यांना जाणवले. ते नाटक नव्हते. म्हणजे भीड एकतर्फी नाही. मागणाऱ्याच्या पोटातही गोळा येतो. जागा मिळाल्यावर आई मुलीला तीन-तीनदा थँक्यू म्हणायला लावते ते उगाच नाही. ज्यांना लोक हक्काने मागणारे, निलाजरे पालक म्हणून नावे ठेवतात त्यांतले बरेच जण असे अवघडलेले असतात, आणि अवघडलेपणाच त्यांच्या तोंडून विनंती आज्ञेसारखी बाहेर काढतो.

आपल्या परंपरेला हा फरक ठाऊक नव्हता असे नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. द्यायला हवे म्हणून, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा मनात कुढत दिलेले ते राजस. अवेळी, अपात्री, अवहेलनेने दिलेले ते तामस. ‘घ्या, बसा’ म्हणून उठलेला आणि पुढचे दोन तास मधल्या सीटवर चरफडत बसलेला प्रवासी या वर्गवारीत कुठे बसतो ते सांगायला टीकाकार नको. इथे जाणकार वाचक मला अडवेल, आणि त्याने अडवावे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू दानाविषयी सांगतो, त्यात श्रद्धेने दे याच्याबरोबर लाजेनेही दे आणि भीतीनेही दे असे म्हटले आहे. मग भिडेने दिलेले तरी वाईट का? आक्षेप वजनदार आहे. मुलाच्या दृष्टीने पाहिले तर आईची कुशी मिळाली हे महत्त्वाचे. काका कशापायी उठले याचे त्याला काय? हेही खरे की सवयीने केलेल्या चांगल्या गोष्टींतून कधी कधी चांगुलपणा खरोखर मुरतो. पण त्या उपदेशाचा पत्ता पाहा. तो देणाऱ्याला केलेला आहे. आपल्यापाशी आहे त्यापुढे आपले देणे थोडे पडते, याची लाज देणाऱ्याने स्वतःच्या मनात बाळगायची आहे. दुसऱ्याच्या मनात ती लाज उत्पन्न करून वस्तू घ्यावी, असा परवाना त्यातून मागणाऱ्याला मिळत नाही. ‘मुलीला रिकाम्या हाताने पाठवू नये’ हे बाप स्वतःशी म्हणतो तेव्हा ते वात्सल्य असते; तेच वाक्य व्याह्याच्या तोंडी आले की त्याला हुंडा म्हणतात.

विनोबांनी मागण्याला जेवढी प्रतिष्ठा दिली तेवढी अलीकडच्या काळात कोणी दिली नसेल. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले दान मिळाले आणि पुढे तेरा वर्षांहून अधिक काळ हा गागोद्याचा माणूस गावोगाव पायी हिंडला. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, ही त्यांची मागणीची रीत. शंकराचार्यांच्या आधारे ते दानाचा अर्थच सम्यक विभागणी असा करत. चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन कागदावर मिळाली आणि बरीचशी खडकाळ, पडीक किंवा कज्ज्यातली निघाली. कारणे अनेक होती, सगळा दोष भिडेच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पण भरसभेत, साऱ्या गावासमोर, संतापुढे नाही म्हणता न आलेला जमीनदार काय करतो? तो हो म्हणतो आणि बरड देतो. एवढ्या निर्मळ मागणाऱ्याच्या बाबतीत असे घडले, तर भिडेत अंगभूत काय दोष आहे ते दिसते: ती वस्तू मिळवून देते, मन मिळवून देत नाही, आणि मन नसले की वस्तूही हलकी येते.

आणखी एक आक्षेप आपल्या रोजच्या सवयीतून येतो. एवढा काथ्याकूट कशाला? आपण ॲडजस्ट करणारी माणसे. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो, अर्धे शरीर हवेत ठेवून. ‘जरा सरका’ म्हटले की तिघे सरकतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा झाली. तिथे कोणी गीता आणि कांट काढत नाही. बरोबर आहे, पण चौथ्या सीटकडे जरा जवळून पाहा. ती भिडेवर चालत नाही, रिवाजावर चालते. सरकणाऱ्याला ठाऊक असते की उद्या आपण चौथे असू. शिवाय तो सरकतो, उठत नाही, त्याची जागा त्याच्यापाशी राहते. ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्नसुद्धा हक्काचा आगाऊ करार असतो, त्यात गयावया नसते. विमानात ना रिवाज आहे, ना उद्या. दीडशे-पावणेदोनशे अनोळखी माणसे एकदाच एकत्र येतात, आणि प्रत्येक सीटवर वेगळी किंमत चिकटवलेली असते. लोकलमधली वागणूक तिथे जशीच्या तशी उचलून नेली की रिवाजाचे नाव राहते आणि काम भीड करते.

त्या किमतीच्या चिठ्ठीतून आलेला आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. पसंतीच्या सीटचे शुल्क वेगळे घ्यायला आपल्याकडच्या नियमांनी कंपन्यांना मोकळीक दिली आहे. मूल दूर पडेल या धास्तीने काही पालक पैसे भरतात. काही भरत नाहीत, किंवा भरू शकत नाहीत, आणि विमानात येऊन शेजाऱ्याच्या भलेपणावर विसंबतात. मग त्या भल्या माणसाने सोडलेली जागा म्हणजे कंपनीने न केलेल्या कामाची फुकट भरपाई नव्हे का? त्याने नकार दिला तरच कंपनी सुधारेल ना? तर्क चोख आहे, फक्त त्याची झळ कोणाला बसते ते पाहावे. कंपनीला धडा शिकवायचा आणि तो तीन वर्षांच्या मुलीला दोन अनोळखी माणसांमध्ये बसवून, हा हिशेब कोणत्याच धर्माच्या तराजूत बसत नाही. शिवाय दोष नेहमी पालकांचाही नसतो. आजी-आजोबांचे तिकीट वेगळ्या पीएनआरवर असते, ऐन वेळी विमान बदलते आणि आधी निवडलेल्या जागा विस्कटतात. तक्रार कंपनीकडे करावी, जमिनीवर, लेखी. हवेत समोर असते ते फक्त मूल.

म्हणून मागणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न मला देणाऱ्याच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. चेक-इनच्या काउंटरवर किंवा दाराशी क्रूला सांगितले तर भीड निम्मी ओसरते, कारण विचारणारा तिसरा माणूस असतो आणि नकार मुलाच्या डोळ्यांत पाहून द्यावा लागत नाही. देऊ केलेली जागा घेतलेल्या जागेच्या तोडीची किंवा सरस असावी. कडेच्या सीटच्या बदल्यात कडेचीच द्यावी आणि मधली सीट आपल्याकडे ठेवावी. आधी जाऊन बसायचे आणि मग विचारायचे, हे तर विचारणे नव्हेच. ‘नाही जमले तरी चालेल’ हे शब्द विनंतीआधी यावेत, नंतर आले तर ते टोमण्यासारखे लागतात. सगळे जुळूनही अदलाबदल कधी कधी होतच नाही, आणि त्यालाही कारण असते. दोन वर्षांखालचे मूल मांडीवर घेता येते, पण तीन सीटांच्या ओळीवर साधारणपणे चारच ऑक्सिजन मास्क असतात. एका ओळीत मांडीवरची दोन बाळे आली की एकाला मास्क उरत नाही. केबिन क्रू बोटे मोजत ‘नाही, इथे नको’ म्हणते तेव्हा पालकांना ती हटवादी वाटते. ती मास्क मोजत असते.

येशूला एका शास्त्र्याने विचारले होते, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल आलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे आणि थॉमसनने आपल्या निबंधात तिचाही आधार घेतला आहे. गोष्टीत एक तपशील सहज नजरेतून सुटतो. जखमी माणूस त्या शोमरोन्याकडे काहीच मागत नाही. रस्त्यावर पाहणारेही कोणी नाही. याजक आणि लेवी बिनदिक्कत पलीकडून निघून गेले ते त्यामुळेच. भिडेचा मागमूस नसलेली ती जागा आहे, आणि म्हणूनच तिथे शेजारी कोण ते ठरू शकते. विमानात मूल स्वतः काही मागत नाही, मागतात त्याचे पालक. नकार दिला जातो तोही पालकांच्या मागणीला. नकार देऊन गृहस्थ खिडकीशी बसून राहिले, आई अठ्ठाविसाव्या रांगेत गेली, आणि क्रूलाही काही जमवता आले नाही, असे धरू. मुलगी आता त्यांच्या शेजारी आहे. तिच्या पट्ट्याची कडी अर्धवट लागली आहे, पाण्याच्या बाटलीचे झाकण तिला उघडत नाही. समोर निळ्या गणवेशातली मुलगी पिवळा मास्क हातात धरून दाखवते आहे, की आधी स्वतःचा लावा आणि मग शेजारच्या मुलाचा. तो लावावा लागलाच, तर लावणारे हात त्या गृहस्थांचेच असणार.